दम धरा

ज्या पहिल्या पेशंटला मी स्वतः उभं केलं, तो खाली बसला.

छातीचा एक्स-रे होता. सत्तरीतले धोतरवाले आजोबा स्टँडला छाती टेकवून उभे, मी शिशाच्या काचेआड. ‘दीर्घ श्वास घेऊन रोखण्यास सांगावे,’ असं वहीत लिहिलेलं. मी ‘श्वास’ म्हणताच आजोबांनी मान वळवून “आँ?” केलं. मी ओरडले, “दम घ्या, आजोबा, दम घ्या!” त्यांना बरंच वाटलं असावं. सकाळपासून केसपेपरच्या रांगेत ताटकळले होते बिचारे. ते वळले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि टेकले.

सर हसले नाहीत. “दम घ्या म्हणजे विसावा घ्या. दम खा म्हणजे थांबा. दम दिलास तर माणूस पळून जाईल. तुला पाहिजे ‘छाती फुगवा आन् दम धरा’. लिहून घे.”

मी खरोखरच लिहून घेतलं.

बारावी सायन्सनंतर डॉक्टरकीचे मार्क पडले नाहीत, म्हणून मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. या पॅरामेडिकल पदवीला आले, त्यात रेडिओग्राफी घेतली. आत्याने विचारलं, “म्हंजे फोटोच काढायचे ना?” मला राग आला होता. पण आमच्या मराठवाड्यात एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात. ‘छातीचा फोटू’, ‘गुडघ्याचा फोटू’. आणि फोटोग्राफरसारखंच, आमचं निम्मं आयुष्य माणसाला नीट उभं करण्यात जातं.

मला वाटलं होतं, अवघड असेल ते मशीन. नळीत जाते त्या विजेतली नव्याण्णव टक्के उष्णता होते आणि जेमतेम एक टक्का किरण, हे पहिल्या वर्षी पाठ केलं. (माझ्या अभ्यासाचंही प्रमाण साधारण तेच होतं.) पण बटण दाबणं सोपं निघालं. अर्धं दाबलं की नळीतली चकती घूंऽऽ करत फिरू लागते, पुरतं दाबलं की काम झालं. अवघड आहे ते त्याच्या आधीचं. माणसाने नळीकडे पाठ करायची, कारण हृदय पुढच्या बाजूला असतं आणि छाती कॅसेटला चिकटली की त्याची सावली उगाच फुगत नाही. नळी १८० सेंटिमीटर अंतरावर. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे पाठीचे खवाटे फुफ्फुसावरून बाजूला सरकतात. हे सगळं खोकणाऱ्या, घाबरलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटात सांगायचं, आणि तेही हात लावण्याआधी विचारून.

जमलं की नाही ते फिल्मच सांगते. सर स्क्रीनवर पेन ठेवून पाठीमागच्या बरगड्या मोजतात. श्वासपटलाच्या वर नऊ-दहा दिसल्या तर पेशंटने छाती भरून श्वास घेतला. सात दिसल्या तर त्याला माझं बोलणं कळलंच नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या वाट्याला साताच्या वर बरगडी आली नाही. जिल्ह्यातल्या लोकांची फुफ्फुसंच लहान आहेत की काय, असं मला वाटू लागलं होतं.

मग खुब्याचा फोटो आला. म्हातारी न्हाणीत घसरलेली. पुस्तकात लिहिलंय, दोन्ही पाय पंधरा अंश आत वळवावेत, म्हणजे मांडीच्या हाडाची मान पूर्ण दिसते. मी पंधरा अंश डोक्यात धरून तिच्या पावलाला हात घातला, तोच सर मागून ओरडले. मोडलेला पाय वळवायचा नसतो. तेही पुस्तकात होतं, पण पुढच्या पानावर. “पेशंट वळत नसला की नळी वळवायची,” म्हणत त्यांनी नळी आडवी केली, चांगला पाय वर उचलून आधारावर ठेवला आणि बाजूचा फोटो घेतला. म्हातारीला हललेलं कळलंही नाही. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

सोनोग्राफीचं वेगळंच. प्रवेश घेताना मी धरून चालले होते की एक दिवस माझ्याही हातात प्रोब येईल. मैत्रिणीची चुलतबहीण इंग्लंडमध्ये सोनोग्राफर आहे, स्वतः स्कॅन करते, रिपोर्ट लिहिते. आमच्याकडे ते काम कायद्याने पात्र ठरलेल्या डॉक्टरांचंच. दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी, आणि माझ्या वाट्याला टेबलावरचे फॉर्म. असा कायदा महाराष्ट्राने सर्वांआधी, १९८८ साली केला आणि केंद्राचा १९९४ साली आला, हे परीक्षेपुरतं माहीत होतं. त्याचा अर्थ कळला तो त्या टेबलावर. ‘एफ’ फॉर्ममधला एक रकाना रिकामा राहिला तरी सेंटरवर खटला होऊ शकतो, म्हणून मी नावातल्या वेलांट्यासुद्धा दोनदा तपासायचे.

एक दिवस एक सासूबाई जवळ सरकल्या. “सिस्टर, काय हाय वो?” (इथे पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर.) मी म्हटलं, मला माहीत नसतं आणि सांगताही येत नाही. “मग बोलू नका. नुसतं हसा, म्या समजून घेते.” कायद्यात शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगायला बंदी आहे. मी खरंच आत डोकावलेही नव्हते. पण हसावं तर खूण, न हसावं तरी खूण. त्या दुपारी मी सरकारी नोटिशीसारखा चेहरा करून बसले. मागे बसलेली त्यांची सून माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघून तरी हसायला हवं होतं, असं अजून वाटतं.

घरी आजीची काळजी निराळी. “त्या किरणांनी पुढं लेकरं होत न्हाईत म्हणं.” मी तिला छातीवरचा टीएलडी बॅज दाखवला. आतल्या चकत्या किरणांचा हिशोब ठेवतात, दर तीन महिन्यांनी मोजायला जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (एईआरबी) नियमाप्रमाणे पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायची नाही आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीच्या एका फोटोला ०.१ सुद्धा लागत नाही, आणि जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ फुकट मिळतात. आजी म्हणाली, “मग ते बिल्ला कशाला?” यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याच महिन्यात मी कोट एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर टांगून, बॅजसकट, जेवायला गेले. सरांनी तो बॅज हातात देताना जे सुनावलं, ते आजीला सांगितलेलं नाही. मी वरणभात खात असताना माझ्या नावावर फोटो जमा होत होते.

विल्हेल्म रोंटगेनने २२ डिसेंबर १८९५ ला बायकोच्या हाताचा फोटो काढला, तो आमच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. बोटात अंगठी तशीच. आमच्या सरांनी तो रिपीट करायला लावला असता. दागिन्यांवर ते फार कडक. फक्त मंगळसूत्रापुढे नमतात: बायका काढत नाहीत, म्हणून ते वर ओढून दातांत धरायला सांगतात.

परवा तांड्यावरची एक लमाणी आजी आली. सोबत कुणी नाही. तिला मराठी येत नव्हती आणि मला गोरमाटी. आरशांची, नाण्यांची चोळी काढून गाऊन घालायला खुणांनीच सांगितलं, तिने केसांतली चांदीही काढून माझ्या ओंजळीत दिली. पण ‘दम धरा’ कसं सांगायचं? शेवटी तिच्यासमोर उभी राहून मी स्वतःची छाती फुगवली, ओठ घट्ट मिटले, डोळे वटारले. ती खुदकन हसली आणि मग हुबेहूब तसंच केलं. मी पळत काचेआड गेले, घूंऽऽ, पुरतं बटण.

सरांनी पेन टेकवलं. दहा. पेन जरा वर सरकलं आणि थांबलं. उजव्या फुफ्फुसाच्या टोकावर दोरखंडासारखी पांढुरकी सावली उतरली होती.

“हे काय? टीबी?”

मी बघत राहिले.

“वेणी,” सर म्हणाले. “बोलाव परत.”

ती बाकावरून उठून आली. मी वेणी डोक्यावर बांधली, ती स्टँडला जाऊन टेकली, आणि मी काही सांगायच्या आतच तिने छाती भरून दम धरला. मी बटणाकडे धावले.