मजा, तीव्रता आणि मळमळ

पीएच.डी.च्या दिवसांत रात्री लॅबमधून आलो की मी 'रोलरकोस्टर टायकून' खेळायचो. १९९९ चा हा खेळ ख्रिस सॉयर नावाच्या स्कॉटिश माणसाने जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिलाय. (संगणकवाल्यांनी इथे कानाला हात लावावा!)

यात आपण पार्क वसवायचं. आकाशपाळणा, मेरी-गो-राउंड हे सौम्य प्रकार. मोनोरेल, छोटी आगगाडी ही वाहतूक. शिवाय अंग घुसळून काढणारे, पाण्यातले, आणि अर्थात कोस्टर. प्रत्येकाला तीन आकडे: मजा, तीव्रता, मळमळ. वळणावर बाजूचा हिसका जास्त बसला की तीव्रता चढते. ती १० च्या वर गेली की बहुतेक लोक आत पाऊलच टाकत नाहीत. मळमळ जास्त असेल तर उतरून रस्त्यावर ओकतात, मग ठेवा झाडूवाले! प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी. नुसते कोस्टर बांधलेत तर भित्री मंडळी तशीच घरी.

आई-बाबा आले तेव्हा ओहायोतल्या सीडर पॉइंटला गेलो. बाबांची बायपास झालेली. ३१० फुटी 'मिलेनियम फोर्स'पाशी हृदयरोग्यांसाठीची पाटी वाचून ते मुकाट बाजूला झाले. "तू जा, मी पिशव्या सांभाळतो."

पण तिथे १९६३ पासूनची वाफेच्या इंजिनाची गाडी होती आणि बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन फेऱ्या मारल्या. मग इंजिनाशी उभे राहून ड्रायव्हरशी बॉयलरबद्दल बोलत राहिले, अर्धा तास तरी. पिशव्या माझ्याकडे होत्या.