आमचे शटर

आमच्या घराला दार नाही, शटर आहे. ही गोष्ट नव्या माणसाला सांगितली की तो आधी हसतो आणि मग कधीतरी चहाच्या निमित्ताने येऊन खात्री करून घेतो. दिवा स्टेशनच्या पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पुढे एक गाळा आणि त्याच्या मागे दोन खोल्या, एवढे आमचे राज्य. गाळ्यात आमच्या सौभाग्यवतींनी अकरा वर्षे पापड-मसाल्यांचे दुकान चालवले. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, दुकान बंद झाले, आणि शटर तेवढे मागे राहिले. आता तिथे माझी स्कूटर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, गेल्या दिवाळीचा आकाशकंदील आणि एक पाय मोडलेली आरामखुर्ची एकत्र नांदतात. न्यू जर्सीत राहणारे आमचे चिरंजीव या जागेला ‘गॅरेज’ म्हणतात. मुलगा परदेशी गेला की घरातल्या अडगळीलाही बढती मिळते, ती अशी!

मी इथे राहायला आलो तेव्हा दिवा म्हणजे भाताची खाचरे, खाडीचा वारा आणि साबे, दातिवली, आगासन अशी आगरी मंडळींची जुनी गावे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी. तेव्हा जंक्शनजवळ राहणे सोयीचे. चोर यावा असे कुणाच्याच घरात काही नव्हते. पुढे चाळी आल्या, इमारती आल्या, माणसांचा पूर लोटला. डिसेंबर २०१६ मध्ये जलद लोकल इथे थांबू लागल्या तेव्हा तर आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. या साऱ्या बदलांत एक गोष्ट मात्र ढळली नाही. ती म्हणजे समोरच्या घराच्या पायरीवर बसणाऱ्या काकी. गल्लीत कोण आले, कोण गेले, कुणाच्या पिशवीत कोथिंबीर आणि कुणाच्या पिशवीत कोळंबी, हे त्यांना न पाहता कळते. २६ जुलै २००५ च्या पावसात गाड्या जागच्या जागी थांबल्या, त्या रात्री काकींनीच रुळांवरून चालत आलेली सात माणसे आमच्या गाळ्यात आणून बसवली होती. गुडघाभर पाण्यात शटर रात्रभर उघडे होते आणि स्टोव्हवर चहा उकळत होता. संरक्षण या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ तोच होता.

परंतु मागल्या वर्षी गल्लीतून एक स्कूटर चोरीला गेली. माझी नव्हे; तरीही ती बातमी सौभाग्यवतींच्या तोंडून न्यू जर्सीला पोहोचली, आणि मे महिन्यात चिरंजीव घरी आले ते बॅगेत एक पांढरी डबी घेऊनच.

“बाबा, हा गॅरेजच्या दाराचा सेन्सर. बिनतारी आहे. दार उघडलं की माझ्या फोनवर निरोप येतो.”

“आमचं दार उघडलं हे तुला तिकडे कळून काय उपयोग? चोराला तू काय फोनवरून दम भरणार?”

त्याने उत्तर दिले नाही. मला वाटले, मी जिंकलो.

शटर बसवणाऱ्यांच्या ओळखीतला एक पोरगा दुसऱ्या दिवशी आला. विशीतला असेल. डबी हातात घेऊन त्याने दोनदा उलटीपालटी केली आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “काका, हे इथे चालणार नाही.”

चिरंजीवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण मात्र मोठे मौजेचे होते. अमेरिकेतले गॅरेजचे दार म्हणजे रुंद, आडव्या फळ्यांची एक साखळी. ते वर जाताना रुळांवरून वळते आणि छताखाली आडवे पडते. दार बंद असताना फळी उभी, उघडल्यावर आडवी. डबीला तेवढा उभे-आडवेपणा कळतो, आणि त्यावरून ती दार उघडल्याचे ओळखते. आमचे शटर मात्र वर जाऊन गुंडाळले जाते. त्याची सर्वांत खालची पट्टी गुंडाळीच्या बाहेरच राहते. शटर खाली असो वा वर, ती आपली ताठ उभीच! तिच्यावर डबी बसवली तर तिच्या मते आमचे शटर जन्मभर बंदच राहणार. वरच्या पट्टीवर बसवावी, तर पहिल्याच सकाळी गुंडाळीत सापडून तिचा चुरा व्हायचा.

शिवाय दुसरीही अडचण होती. ती डबी ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारी. आपल्याकडे अशा छोट्या साधनांसाठी ८६५ ते ८६७ हा पट्टा २००५ साली विनापरवाना मोकळा झाला. अमेरिकेची बोली इथे चालत नाही. हे ऐकून मला माझे वडील आठवले. घरातल्या रेडिओचा परवाना नवा करून घेण्यासाठी ते दरवर्षी पोस्टात जाऊन रांगेत उभे राहत. तेव्हा हवेतले नुसते ऐकायलाही सरकारची परवानगी लागे. आता घराचे शटर हवेतून बोलणार होते, आणि पोस्टात जायचीही गरज नव्हती.

अखेर इथलाच संच आणला. त्याचे मर्म म्हणजे एक लोहचुंबक आणि काचेची एक इवलीशी नळी. नळीत लोखंड-निकेलच्या दोन नाजूक पात्या, एकमेकींपासून केसभर दूर. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवूडने १९३६ साली ही युक्ती काढली. चुंबक शटरच्या खालच्या पट्टीवर, नळी जमिनीलगत. शटर उचलले की पात्या सुटतात, आणि वरची पेटी हवेतून वर्दी देते.

मी सिग्नल खात्यात सारा जन्म काढलेला माणूस. मला हे काय शिकवायचे, अशा थाटात मी खुर्ची टाकून बसलो आणि सूचना देऊ लागलो. “चुंबक सरळ पट्टीलाच चिकटव,” मी म्हणालो. पोरगा हसला. लोखंडावर थेट बसवलेल्या चुंबकाचा जोर लोखंडच पिऊन टाकते. म्हणून त्याने मध्ये प्लॅस्टिकची जाड चकती घातली. “पेटी शटरच्या चौकटीवर लाव,” मी म्हणालो. त्याने ती भिंतीवर, चांगली छातीच्या उंचीवर लावली. लोखंडाच्या कुशीत बिनतारी लहरी दबतात, आणि खाली लावली तर पावसाळ्यात बुडते. नळी मात्र खालीच हवी, म्हणून ती राळेने बंद केलेल्या खोक्यात बसवून तिथून पेटीपर्यंत दोन हात तार ओढली.

“बिनतारी म्हणतोस आणि ही तार कसली रे?” मी शेवटचा बाण सोडला.

“काका, दिव्याचं पाणी बिनतारी नाही ना!” तो म्हणाला. मी खुर्ची उचलून आत गेलो.

तिसऱ्याच रात्री अडीच वाजता भोंगा बोंबलला. चिरंजीव उठले, सौभाग्यवती उठल्या, सारी गल्ली उठली. काकी तर हातात काठी घेऊन सर्वांच्या आधी हजर. चोर कुठेच नव्हता. मालगाडीच्या धडधडीने शटर खिळ्यांत हलले होते आणि चुंबक बोटभर सरकला होता. पोऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन बाजूच्या कड्या आवळल्या, चुंबक जवळ घेतला. जाताना म्हणाला, “आता काळजी नको. ही पेटी ठराविक वेळाने ‘मी आहे’ म्हणून आपणहून सांगत राहते. गप्प झाली तर समजायचं, काहीतरी बिघडलंय.”

मी मान डोलावली. हे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चिरंजीव परत गेले, आणि जाताना आपली पांढरी डबीही घेऊन गेले. त्यानंतर माझ्या डोक्यात एक किडा शिरला. एके दिवशी फोनवर त्याने सहज विचारले, “काल रात्री अकराला शटर का उघडलंत?” मी कचरा टाकायला गेलो होतो. चाळीस वर्षे ज्या घराचा मी धनी, त्याचे शटर मी केव्हा वर केले याचा जबाब सात समुद्रांपलीकडे द्यायचा? काकी पाहतात, पण काकींना मीही पाहतो. त्या विचारतात, तेव्हा मीही त्यांच्या सुनेची चौकशी करतो. इथे मात्र पाहणारा दिसत नव्हता. मी रागाने सौभाग्यवतींना म्हणालो, “उद्या ती पेटी काढून टाकतो.”

“काढा,” त्या म्हणाल्या, “पण कारण काय ते त्याला तुम्हीच सांगा.”

मी काढली नाही.

श्रावणात सौभाग्यवती मुलीकडे नाशिकला गेल्या. मी एकटा. एका रात्री थंडी वाजून ताप भरला. अंगावर दोन चादरी ओढून पडलो, तो सकाळ केव्हा झाली कळलेच नाही. फोन बाहेरच्या खोलीत वाजत होता म्हणे; मला तो स्वप्नात स्टेशनची घंटा म्हणून ऐकू येत होता. मग एकदम धाडधाड आवाज सुरू झाला आणि पाठोपाठ भोंगा बोंबलू लागला. भिंतीला धरून मी कसाबसा बाहेर आलो, कुलूप काढले आणि शटर वर केले. समोर काकी, त्यांचा नातू आणि निम्मी गल्ली. नातवाच्या कानाला फोन होता.

“हे घ्या, दादा बोलतोय,” तो म्हणाला.

तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. “बाबा,” आवाज कापत होता, “रोज सहाला शटर उघडता. आज साडेआठ झाले.”

हिवताप निघाला. काकींनी दोन दिवस पेज पाठवली, नातवाने दवाखान्यात नेले, सौभाग्यवती मिळेल त्या गाडीने परत आल्या. बरा झाल्यावर मी चिरंजीवांना गाठले. “खरं सांग, तू ही पेटी चोरासाठी लावलीच नव्हतीस.”

थोडा वेळ तो गप्प राहिला. “लावली चोरासाठीच. पण सात वाजेपर्यंत शटर उघडलं नाही, तर मला कळवायचं, एवढा नियम मी त्यात घालून ठेवला होता. तुम्हीच नाही का शिकवलं होतंत, पुलावर?”

आणि मला तो पूल आठवला. हा सहा-सात वर्षांचा असताना मी त्याला स्टेशनच्या पुलावर नेत असे, आणि माझ्या खात्याची बढाई त्याला ऐकवत असे. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोपने चोरासाठी विजेच्या घंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की तिचे मंडल जुळे आणि घंटा वाजे. पण चोराने आधी तारच तोडली तर घंटा मुकी! गाड्यांना असली घंटा चालत नाही. १८७२ साली विल्यम रॉबिन्सनने ट्रॅक सर्किट बसवले ते नेमके उलटे. रुळांतून सौम्य वीज सतत वाहते आणि एका रिलेला उचलून धरते. गाडी आली की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. पण रूळ तुटला, तार निखळली, बॅटरी संपली, तरीही रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे. आणि म्हणूनच सिग्नलचा दिवा विझलेला दिसला, तर ड्रायव्हरने तो लालच समजायचा.

“म्हणजे दिसत नाही तोही लाल?” त्याने तेव्हा विचारले होते.

“तोच जास्त लाल,” मी म्हटले होते.

एवढे सगळे मी विसरलो होतो. मला वाटत होते, मुलगा माझ्यावर पाळत ठेवतो. तो बिचारा तिकडे झोपण्यापूर्वी एक सिग्नल पाहत होता.

तरी मी सिग्नल खात्यातला. जंक्शनवर एकाच बाजूचा सिग्नल पाहून भागत नाही. मी त्याला अट घातली, “तुझी ती पांढरी डबी तुझ्या गॅरेजला लाव, आणि दार मिटलं की निरोप माझ्या फोनवर येऊ दे. जाबजबाब मी मागणार नाही.” तो हसला, पण त्याने ती लावली. तिथे तिच्या उभ्या-आडव्या अकलेला योग्य दार मिळाले, हवेतली बोलीही जुळली.

आता पहाटे चारच्या सुमारास माझ्या उशाशी फोन किणकिणतो. तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. चिरंजीव कामावरून येऊन गाडी आत घेतात. “आला का?” सौभाग्यवती कुशीवर वळता वळता विचारतात. “आला,” मी म्हणतो, आणि आम्ही दोघे पुन्हा झोपतो. कधी उशीर झाला तर झोपत नाही. पण तसे त्याला सांगत नाही. सहाला मी शटर वर करतो. समोरून काकी हात हलवतात, आणि तिकडे कुणीतरी निश्चिंत होत असेल असे समजून मी दूध आणायला निघतो.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे जातील, आणि मग तो निरोप पाचला येईल. तोपर्यंत तो चारलाच येत राहणार. यंदा नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी गजर लावायचा नाही, असे आमच्या घरी ठरले आहे.