खामगावची चांदी

खामगावचे नाव निघाले की वऱ्हाडातला माणूस दोनच गोष्टी सांगतो: कापूस आणि चांदी. कापसाने या गावाला रेल्वे आणली. जलंबहून खामगावपर्यंतचा तो छोटासा फाटा १८७० साली सुरू झाला, तो मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी. चांदीने मात्र गावाला रजतनगरी हे नाव दिले. बुलढाणा जिल्ह्यातच नव्हे, तर बाहेरही ‘चांदी खामगावची’ एवढे म्हटले की पुढची घासाघीस थोडी कमी होते!

आम्ही गेलो ते खरेदीला नव्हे. आजी गेली तेव्हा तिच्या पेटीत वीस रुपयांची पुरचुंडी निघाली. निम्मे माझ्या वडिलांना, निम्मे आत्याला, असे ती सांगून गेली होती. वडील आता नाहीत. दहा-दहा मोजून दिले की झाले, असे घरात सर्वांचे मत. पण आत्याचे आणि आमचे बोलणे आधीच एका शेताच्या बांधावरून आखडले होते. म्हणून म्हटले, जाणत्याच्या डोळ्यांखालून जाऊ द्यावेत.

पेढीवरच्या वृद्ध कारागिराने पुरचुंडी सोडली आणि नाणी कसोटीला न लावता आधी त्यांच्या कडा पाहू लागला. काही अगदी काळीठिक्कर पडली होती. सौभाग्यवतींनी चिंच-राखेची गोष्ट काढताच तो म्हणाला, “घासू नका, बाई. काळी पडते म्हणून चांदी खोटी नसते. हवेतल्या गंधकानं पडते थे.”

मग एकेक रुपया दगडी फरशीवर वाजवला. ‘खणखणीत’ हा शब्द मी वर्गात कितीदा वापरला असेल. कानांनी ऐकला तो त्या दिवशी. चौदा नाणी लांब घुमली, सहा लवकर गप्प झाली. वजन सगळ्यांचे जवळजवळ सारखेच, एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. फरक पोटात होता. राणीछाप आणि त्यानंतरच्या जुन्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून महायुद्धाच्या काळात सरकारने ती निम्म्यावर आणली. कडेच्या सरळ रेघांच्या जागी आलेली वेगळी नक्षी ही त्याची खूण. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा!

हिशेब पाटीवर मांडावा इतका सोपा. सरमिसळ दहा-दहा वाटले असते, तर एकाच्या वाट्याला जवळजवळ १०७ ग्रॅम चांदी आणि दुसऱ्याच्या वाट्याला ७८, असेही घडू शकले असते. प्रत्येकी सात जुने आणि तीन नवे, हाच न्याय.

सौभाग्यवतींच्या बोटात भाच्याने परदेशातून आणलेली काळ्या मोत्याची अंगठी होती. तीही त्यांनी पुढे केली. त्याने हात जोडले. ताहितीकडच्या त्या मोत्याला ना कस, ना तेजाब. चकाकी, गोलाई, अंगावरचे डाग आणि आकार पाहून डोळ्यांनीच भाव ठरतो. “आमचं धातूचं काम,” तो म्हणाला. दुसऱ्याच्या धंद्यात मत न देणारा माणूस पाहिला की माझा त्याच्यावर दुप्पट विश्वास बसतो.

चौदांतल्या एका राणीछापाला नाके जोडलेले होते. आजी तो गळ्यात घालीत असे. त्यावरचा डाग कारागिराने दाखवला. जोडकामाची चांदी हलकी, शिवाय हौशी संग्राहक असे नाणे घेत नाहीत. त्याची किंमत सर्वांत कमी.

परतताना आत्याकडे गेलो. दोन वाटे तिच्यापुढे ठेवले, कडा दाखवल्या, रुपये वाजवून ऐकवले. नाक्याचा रुपया मी माझ्या वाट्यात घातला होता.

तिने तोच उचलला आणि तिच्या सातांतला एक माझ्याकडे सरकवला.

“आत्या, याला भाव कमी आहे,” मी म्हणालो.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “दोरा शोध बरं जरा. आणि बांधाचं काय ते जेवल्यावर बोलू.”