मलय भाषेतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’

क्लांग आणि गोंबाक या नद्या जेथे मिळतात, तेथे कुआलालंपूर वसले. नावाचा अर्थ चिखलाचा संगम. वाचकहो, या शहरी आपले जाणे झाले, तर सकाळी प्रथम कानी पडेल ‘सलामत पागी’, म्हणजे सुप्रभात. पुढे कोणी ‘आपा खबर?’ असे विचारील. त्यास ‘खबर बाईक’, खबर चांगली आहे, एवढे उत्तर पुरते. निरोप घेताना मात्र सांभाळावे. जाणाऱ्यास ‘सलामत जालान’ म्हणतात. मागे राहणाऱ्यास जाणारा ‘सलामत तिंगल’ म्हणतो.

शब्दांची धास्ती नको. गुरू तेथेही गुरूच, भाषा ‘बहासा’, आणि ‘सुआमी’ म्हणजे पती. ‘मुका’ म्हणजे मुख, हे ऐकून मराठी माणसाने हसू आवरावे! पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. म्हणून गोव्याची इगर्ज तेथे ‘गेरेजा’ झाली आहे.

खरी कसोटी सर्वनामांची. ‘साया’ म्हणजे मी; हा शब्द संस्कृत ‘सहाय’पासून आला, तेव्हा त्यात नम्रता मुळातच आहे. ‘दिआ’ म्हणजे तो आणि तीही. ‘अवाक’, म्हणजे तू, हे बरोबरीच्यांत चालते. वडीलधाऱ्यांना तसे म्हणणे उद्धटपणाचे. भाजीवालीस ‘माकचिक’ म्हणावे, वयस्क गृहस्थास ‘पाकचिक’. आपण मावशी, काका म्हणतो तसेच हे. नात्याने हाक मारली की सर्वनामाचा प्रश्नच उरत नाही.

आता ‘किता’ आणि ‘कामी’. इंग्रजी जाणणारा येथे हमखास अडखळतो, कारण त्याच्यापाशी दोहोंसाठी शब्द एकच. हिंदीतील ‘हम’ मराठीत आणताना अनुवादकालाही प्रत्येक वेळी थांबून ठरवावे लागते, की येथे ऐकणारा आत आहे की बाहेर? मराठी वाचकास हा भेद शिकवावा लागत नाही. ‘किता’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासह. ‘कामी’ म्हणजे आम्ही, त्याला वगळून. पाहुण्यासमोर चुकीचा शब्द गेला, तर व्याकरणाआधी मन दुखावते. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने अंक, वार मागाहून पाठ करावेत, ही जोडी आधी. घरची गृहिणी ‘कामी’ म्हणून काही सांगू लागली, तर ती त्यांच्या घरची हकीकत समजून ऐकावी. तीच ‘मारी किता माकान’, चला, आपण जेवू, असे म्हणाली, तर संकोच न करता हात धुऊन पानावर बसावे.