क्लचमधली हवा

वडिलांच्या मागे राहिलेली स्टँडर्ड हेराल्ड आमच्या गिरीजच्या वाडीत केळीच्या सावलीला उभी असते. १९६१ पासून मद्रासला होऊ लागलेली ही मोटार. मडगार्डांसकट तिचे सबंध बॉनेट पुढे कलते, हे तिचे एक कौतुक. मूळ इंजिन थकले तेव्हा एका जपानी मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्ससह, मी तिच्यात बसवून घेतले. क्लचचे मास्टर सिलिंडर मात्र जुनेच राहू द्यावे, असा माझा हट्ट. वडिलांच्या पायाखालची तेवढी तरी वस्तू राहावी!

गाडी सुरू झाली. पण करकरल्यावाचून गिअर पडेना. नळीत हवा राहिली आहे, असा निर्णय मी अधिकारवाणीने दिला. मिस्त्रींनी चार वेळा हवा काढली. पाचव्या वेळी, "तुम्हाला साधी हवा काढता येत नाही?" असे मी त्यांच्या मुलादेखत बोलून गेलो. ते गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच हाती मोजपट्टी दिली. मास्टरचा दट्ट्या जेवढा सरके, त्याच्या जेमतेम निम्मा स्लेव्हचा सरकत होता. मास्टरचा व्यास ५/८ इंच. नव्या इंजिनाबरोबर आलेल्या स्लेव्हचा ७/८. वर्ग केले की २५ आणि ४९. शाळेत घोकलेला पास्कल मला तेव्हा आठवला.

"सर, हवा नव्हती," मिस्त्री एवढेच म्हणाले.

मोठे मास्टर बसवले. पेडल जड झाले, गिअर मुकाट्याने पडू लागला. मिस्त्रींची मी क्षमा मागितली. पण त्या दिवशी त्यांचा मुलगा गॅरेजात नव्हता.