खान, की खानविलकर?

मराठीतला एक एसएमएस ७० अक्षरांत बसतो. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. मजकूर त्याहून लांबला की त्याचे ६७-६७ अक्षरांचे तुकडे होतात, कारण ‘मी कितवा तुकडा’ हे सांगायलाही प्रत्येकात थोडी जागा लागते. मोबाइल ते जोडून दाखवतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पण येईल तो तुकडा लगेच तपासणाऱ्या प्रोग्रॅमची पंचाईत होते. शोधायचा शब्द नेमका मधे तुटला, तर तो पहिल्या तुकड्यात सापडत नाही आणि दुसऱ्यातही नाही.

अंधेरीच्या एमआयडीसीत माझं काम अशाच तुटक मजकुराचं आहे. इंटरनेटवरून येणारा मजकूरही एकसंध येत नाही. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यामुळे कधी कधी अक्षरही मधेच तुटतं.

अशा मजकुरात शोधायला रेगेक्स वापरतात. रेगेक्स म्हणजे काय शोधायचं त्याचा लिहून दिलेला नमुना. साधा रेगेक्स दोनच उत्तरं देतो: सापडलं किंवा नाही. तुकड्यांसाठी तिसरं उत्तर लागतं: ‘आतापर्यंत जुळतंय, पुढचं येऊ दे.’ मग जुळायला जिथून सुरुवात झाली तिथपासूनचा भाग जपून ठेवायचा, पुढचा तुकडा त्याला जोडायचा आणि पुन्हा पाहायचं.

फिलिप हेझेल यांनी १९९७ मध्ये केंब्रिजला सुरू केलेल्या पीसीआरई या लायब्ररीत ही सोय दोन प्रकारची आहे, सॉफ्ट आणि हार्ड. समजा नमुना आहे ‘खान’, पुढे ‘विलकर’ असेल किंवा नसेल. तुकडा ‘खान’वर संपला. सॉफ्ट म्हणतो, खान सापडला, काम झालं. हार्ड म्हणतो, मी तुकड्याच्या टोकाला पोचलोय, पुढे काय आहे ते बघितल्याशिवाय बोलणार नाही.

हे उदाहरण मला पुस्तकात मिळालेलं नाही. माझं आडनाव खान आहे, आणि गेल्या वर्षी मी मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूश. डिपॉझिट, भाडं, कितवा मजला, सगळं बोलून झालं. नाव विचारलं तेव्हा आवाज मधेच कट झाला.

‘‘खानविलकर ना? या की संध्याकाळी, चावी माझ्याकडेच आहे.’’

‘‘नाही हो. खान. एवढंच.’’

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, ‘‘मालकांना विचारून कळवतो.’’ अजून विचारतायत.

माझ्या एका देशमुख मित्राचं उलटं होतं. देशमुख, पाटील, इनामदार आपल्यातही आहेत. आडनावावर त्याला होकार मिळतो, मग आधार कार्डावर पहिलं नाव दिसतं आणि मालकाचा भाऊ अचानक गावाहून राहायला येणार असतो.

त्या एजंटला घाई झाली होती असं मात्र म्हणता येणार नाही. त्याने पूर्ण शब्द ऐकून घेतला, चुकीची जुळणी सोडून दिली आणि बरोबर उत्तर काढलं. हार्डवाल्याने तरी वेगळं काय केलं असतं? तुकडे नीट जोडले म्हणून नमुना बदलत नाही. काय शोधायचं हे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. भाडं वेळेवर येईल का, घर नीट ठेवतील का, हे त्या नमुन्यात नव्हतंच.

आता मी फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगतो, मग घराचं विचारतो. बरेच फोन अर्ध्या मिनिटात संपतात. जे संपत नाहीत, तिथे भाड्याचं बोलणं सुरू होतं. सध्याचं घर तशाच एका फोनवर मिळालं. त्या मालकीणबाईंनी नाव ऐकून एकच प्रश्न विचारला होता: ‘‘पाणी सकाळी सहाला येतं, चालेल ना?’’