लुटीची वाटणी आणि रजेचा रकाना

संपादकांनी फोनवर एकच अट घातली: "आमच्या वाचकाला कळेल असं लिहा, यंत्राच्या पोटात शिरू नका." अट मी मान्य केली. ती पाळली जाईल याची खात्री मात्र देत नाही. ऑनलाइन गेममध्ये गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, एकत्र मिळवलेल्या लुटीचे गुण मोजणारं सॉफ्टवेअर मी लिहितो आणि सांभाळतो. या विषयाला पोटाखेरीज दुसरा अवयवच नाही.

शिवाय यंदा एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाहीये. ते सांगायचं तर आधी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

आमच्या हैदराबादच्या नामपल्लीत, स्टेशनमागच्या गल्लीत, मी काय करतो याविषयी तीन समज आहेत. काहींना वाटतं मी मुलांचे गेम बनवतो. काहींना वाटतं मी पबजी खेळतो. पबजीवर 2020च्या सप्टेंबरात बंदी आली, तेव्हा याच मंडळींनी माझी विचारपूस केली होती. तिसरा समज सगळ्यांत जुना, की हा जुगार आहे. तेलंगणाने 2017मध्ये ऑनलाइन रमी बंद केली आणि 2025च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. त्या आठवड्यात खालच्या पानपट्टीवाल्या चाचांनी मला थांबवून विचारलं, "क्या मियाँ, तुमारा भी बंद हो गया कते?" वर्गणी भरून खेळायचा खेळ वेगळा आणि पैसे लावून खेळायचा वेगळा, कायद्यातच तसा भेद आहे, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी पान लावता लावता मान हलवली. पटलं नव्हतं.

तर मुद्दा असा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम 2004च्या नोव्हेंबरात आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत मोठ्या मोहिमेला, म्हणजे रेडला, 40 माणसं लागत. ही 40 माणसं जिवंत असतात आणि आपापल्या घरी संगणकापुढे बसलेली असतात. तीन-चार तास झुंजून एक बॉस, म्हणजे म्होरक्या शत्रू, पडतो आणि त्याच्याकडून दोन-चार वस्तू मिळतात. माणसं 40, वस्तू दोन-चार. बरं, विकून पैसे वाटून घ्यावे तर तेही जमत नाही, कारण वस्तू उचलली की ती त्या पात्राला कायमची चिकटते. तलवार कापून वाटता येत नाही. आणि तोच बॉस पुन्हा भेटतो तो पुढच्या आठवड्यात.

लूट कुणाला द्यायची, हा प्रश्न गेमपेक्षा पुष्कळ जुना आहे. जिंजीला बसून लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त सांगितली आहे. दसऱ्याला स्वारी निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी व्हायची, परतल्यावर झडती व्हायची आणि जास्तीचं निघेल ते सरकारजमा तरी किंवा पगारात वळतं तरी व्हायचं. म्हणजे लूट हातात नाही, हिशेबात. गेममध्ये हेच काम 1999 साली सुरू झालं. 'एव्हरक्वेस्ट' गेममधल्या 'आफ्टरलाइफ' नावाच्या गिल्डमध्ये थॉट या टोपणनावाच्या खेळाडूने गुणपद्धत काढली. लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन या दोन ड्रॅगनांच्या शिकारीसाठी ती होती, म्हणून तिचं नाव 'ड्रॅगन किल पॉइंट्स' पडलं. आम्ही सगळे डीकेपी म्हणतो. मोहिमेला आलात तर गुण जमा, वस्तू घेतलीत तर गुण खर्च. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा आणि जोशुआ फेअरफिल्ड या अमेरिकी प्राध्यापकांनी तर या पद्धतीवर निबंधही लिहिला. चाचांना हे सांगायचं राहून गेलं.

मी यात शिरलो तो बीएसएनएलच्या डेटावनच्या काळात. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असायचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच किंवा साडेसहा, म्हणजे मोहिमेची सुरुवात तरी बरोबर फुकटच्या वेळेत. आता आमची गिल्ड युरोपच्या सर्व्हरवर आहे. तिकडचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि दर दिवाळीच्या सुमाराला कुणीतरी मला शिव्या घालतो, की वेळेवर येऊनही 'उशिरा' अशी नोंद का. वेळ नेहमी ग्रीनिचच्या हिशेबाने साठवावी आणि दाखवताना बदलावी, हा धडा मी इतक्या लोकांना दिला आहे की आता उत्तराचा मजकूर तयारच ठेवतो.

सॉफ्टवेअरचं काम ऐकायला बेरीज-वजाबाकीचं. खरी मेख दुसरीकडे आहे. गेमच्या आत चालणारं छोटं अॅडऑन हजेरी आणि लूट टिपतं, पण तो मजकूर लगेच डिस्कवर लिहू शकत नाही. खेळाडू बाहेर पडेल किंवा पडदा नव्याने चढवेल तेव्हाच फाइल लिहिली जाते. मध्येच गेम कोसळला, तर रात्रभराची हजेरी गेली. यावर 'ईपीजीपी' नावाच्या पद्धतीचं अॅडऑन लिहिणाऱ्यांनी काढलेली युक्ती मला आजही आवडते. गेममध्ये प्रत्येक सदस्याच्या नावापुढे गिल्डच्या ऑफिसरांना 31 अक्षरांची टीप लिहिता येते. त्यांनी त्या टिपेतच दोन आकडे लिहिले, कष्टाचे गुण, स्वल्पविराम, सामानाचे गुण. संपला डेटाबेस! गेम कंपनीचा सर्व्हरच यांचा हिशेबनीस झाला. फक्त आकडा होता, तो कसा झाला ते नव्हतं. म्हणून मी तो मार्ग धरला नाही. माझ्याकडे प्रत्येक गुणाची स्वतंत्र ओळ असते: तारीख, नाव, कारण, अधिक किंवा उणे. ओळ खोडता येत नाही. चुकली तर उलटी ओळ घालायची, आणि ती कुणी घातली तेही दिसतं.

आता शून्य-बेरीज डीकेपी. हैदराबादकरांना हे सोपं जावं, कारण इथे घरटी एक चिट्टी असते. चिट्टीच्या लिलावात जो जास्त घट सोसतो तो रक्कम उचलतो आणि ती घट सभासदांत वाटली जाते. इथेही तसंच. एकाने 100 गुणांची वस्तू घेतली की ते 100 उरलेल्या 39 जणांत वाटायचे. एकूण बेरीज कायम शून्य, त्यामुळे महागाई नाही. 100 भागिले 39 म्हणजे 2.56 आणि पुढे लांबलचक शेपूट. 2.56 प्रत्येकी दिले तर 99.84 होतात आणि 0.16 हवेत जातात. पूर्णांकात वाटलं तर प्रत्येकी 2 देऊन 22 उरतात, मग ते कोणत्या 22 जणांना? नावांच्या क्रमाने वाटलं की ए अक्षराची पात्रं वर्षभरात गब्बर होतात आणि झेडवाले बंड करतात. माझ्याकडे हा उरलेला वाटा दर वेळी पुढच्या नावापासून सुरू होतो. एवढ्या साध्या गोष्टीबद्दल आजवर कुणी आभार मानलेले नाहीत. नोंद असावी म्हणून लिहितो.

पण शून्य-बेरीज आता फारसं कुणी वापरत नाही. आजचं भांडण आहे ते घटीचं. जुने सदस्य गुणांचे डोंगर साठवतात आणि नव्याला वर्षभर काही मिळत नाही. म्हणून दर आठवड्याला सगळ्यांच्या शिलकीतून 10 टक्के कापायचे. संपादक माफ करोत, आकडे आलेच. दोन रात्रींची पूर्ण हजेरी लावली तर आमच्याकडे आठवड्याला साधारण 100 गुण मिळतात. 10 टक्के घट धरली आणि काहीच खर्च केलं नाही, तर शिल्लक वाढत वाढत 1000च्या जवळ जाते आणि तिथेच थांबते. कारण 1000चे 10 टक्के म्हणजे 100, आले तितके गेले. डोंगराला माथा मिळाला. मी स्वतः घटीच्या बाजूचा आहे आणि त्यासाठी पुष्कळ वाद घातले आहेत. ईपीजीपीवाले सांगतात, आमच्याकडे कष्ट आणि सामान दोन्ही एकाच प्रमाणात कापले जातात, म्हणून कष्ट भागिले सामान हा भागाकार बदलत नाही, कुणाचा क्रम हलत नाही. हे अर्धसत्य आहे. नवख्याने पहिल्याच दिवशी डोक्यावर बसू नये म्हणून ते छेदात एक ठरावीक आकडा मिळवतात, आणि तो कापला जात नाही. भागाकार हलतोच. हे मी सप्रमाण दाखवलेलं आहे. तरी पुन्हा पुन्हा तोच युक्तिवाद ऐकावा लागतो.

तर ते प्रकरण. आमच्यात निजामाबादचा एक मुलगा होता. गच्चीबावलीत रात्रपाळी करायचा आणि आठवड्याच्या दोन सुट्ट्या मुद्दाम मोहिमेच्या रात्रींना घ्यायचा. वॉरियर खेळायचा. बरेच महिने त्याने काही उचललं नव्हतं, त्याला अश्कंडी हवी होती. ही तलवार नेफेरियन नावाच्या ड्रॅगनकडून पडते आणि दर आठवड्याला पडेलच असं नाही. शिल्लक 1000 झाली आणि त्याचे वडील इस्पितळात दाखल झाले. सात आठवडे तो आला नाही. 1000ला सात वेळा 0.9ने गुणा, 478 उरतात. तो परतला त्या आठवड्यात तलवार पडली आणि सातशेच्या आसपास गुण असलेल्या दुसऱ्याला गेली. त्याने ऑफिसरांच्या खोलीत एकच वाक्य लिहिलं: "अण्णा, नान्नाच्या आजारपणाचे मला 522 गुण पडले ना?"

सॉफ्टवेअर बरोबर होतं. ठराव सगळ्यांनी मत देऊन केलेला होता. त्यात रजेचा शब्द नव्हता.

दोन ऑफिसरांनी त्याच रात्री त्याचे गुण परत द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिघे दारात. एकाचं लग्न झालं होतं, एकाची परीक्षा होती, एकाच्या भागात वादळाने तारा तुटल्या होत्या. मग मी रजेत घट गोठवायची सोय लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता थबकलो. त्याची शिल्लक 1000वर गोठवली असती, तर त्याच सात आठवड्यांत रात्री साडेबारापासून पहाटेपर्यंत झुंजणाऱ्यांचं काय? ते तर 1000वरच उभे होते, त्यांची सारी मेहनत घट भरून काढण्यात गेली होती. जो आला तो 1000 आणि जो नाही आला तोही 1000. घटीची पद्धत हीच आहे: माथ्याजवळ पोचलेल्याला हजेरीने काही मिळत नाही, असलेलं टिकतं एवढंच. इतकी वर्षं घटीची वकिली करताना हा मुद्दा माझ्यापुढे कुणी मांडला नव्हता. मांडला तो त्या मुलाच्या वाक्याने.

शेवटी रजेत अर्धी घट, म्हणजे 5 टक्के, असा पर्याय घातला. सात आठवड्यांनी 698 उरतात. तो आकडा न्याय्य आहे का? मला माहीत नाही, आणि कुणाला ठाऊक आहे असंही वाटत नाही. 698ने तरी त्याला तलवार मिळाली असती का, हेही मी तपासून पाहिलं. दुसऱ्याकडे 715 होते.

यावर लोक म्हणतात, मग ही कटकट हवीच कशाला? कंपनीलाही तसंच वाटलं होतं. 2018मध्ये तिने मुख्य आवृत्तीत वाटपाचा अधिकार मोहिमेच्या प्रमुखाकडून काढून घेतला आणि कुणाला काय मिळायचं ते गेमच ठरवू लागला. वर्षभराने, 2019च्या ऑगस्टमध्ये, जुनी आवृत्ती पुन्हा उघडली तेव्हा लोक जुन्या भांडणांसकट धावत परतले. काहींनी तर गुणांऐवजी गेममधल्या सोन्यातच वस्तूंचा लिलाव मांडला. मग सोनं बाहेरून खऱ्या पैशांनी विकत घेणारे आले, आणि 2024च्या फेब्रुवारीत एका आवृत्तीत कंपनीला हे लिलाव बंद करावे लागले. जुगाराचा वास येतो तो इथे. गुणांना तो नाही, कारण गुण कुणाला विकता येत नाहीत. चाचा, ऐकताय ना?

समितीने वाटप करावं, गुणच नकोत, असं मानणारेही आहेत. चार शहाणी माणसं असली तर ते उत्तम चालतं. पण चार शहाणी माणसं दर बुधवारी रात्री साडेबाराला जागी असतात, असा माझा अनुभव नाही.

तो मुलगा गिल्ड सोडून गेला. भांडून नाही. वडिलांना बरं वाटतंय, असं शेवटच्या निरोपात होतं. त्याची खात्यातली प्रत्येक ओळ तशीच आहे, आणि नव्या ठरावाच्या चर्चेत ऑफिसर तीच उघडून दाखवतात.

सॉफ्टवेअर फुकट आहे, हवं त्या गिल्डने घ्यावं. बसवताना एकच विनंती. रजेचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला आहे, त्यात कुठलाही आकडा आधीपासून भरलेला नाही. पहिल्या मोहिमेआधी सगळ्यांनी मिळून तो भरा. कुणाचा बाप इस्पितळात गेल्यावर भरायला बसू नका.